कॅप्चातून कमाई: सॉल्व्ह मीडियापासून एचकॅप्चापर्यंतच्या सेवांचं परीक्षण

फॉर्म भरून झाला की खाली वाकडीतिकडी अक्षरं येतात, नाहीतर ‘बस असलेली सगळी चित्रं निवडा’ म्हणत नऊ चौकोन येतात. हाच कॅप्चा: समोर माणूस आहे की बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्रॅम, हे तपासणारं कोडं. वेबसाइटवर वाचकाचं पूर्ण लक्ष असण्याची ही बहुधा एकच जागा. बॅनरवरून नजर घसरते, व्हिडिओच्या जाहिरातीत बोट ‘स्किप’वर तयारच असतं. कॅप्चा मात्र नीट पाहावा लागतो, समजून घ्यावा लागतो आणि उत्तर द्यावं लागतं. हेच लक्ष विकून साइटमालकाच्या खिशात चार पैसे घालायचे, या कल्पनेवर गेल्या पंधरा वर्षांत बऱ्याच सेवा उभ्या राहिल्या. रेसिपी, परीक्षेच्या नोट्स, गावच्या बातम्या अशा छोट्या मराठी साइट चालवणारे लोक अजूनही विचारतात की कॅप्चा लावायचाच आहे, तर पैसे देणारा का लावू नये?

निकाल आधीच सांगतो. उत्पन्नासाठी यातली एकही सेवा घेऊ नका. संरक्षणासाठी आज दोन चांगल्या आहेत आणि दोन्ही फुकटही वापरता येतात. कारणं मात्र सेवागणिक वेगळी आहेत आणि ती समजून घेण्यासारखी आहेत.

सॉल्व्ह मीडिया

या प्रकारातली सगळ्यात नीट बांधलेली सेवा हीच. सुरुवातीचं नाव अ‍ॅडकॉपी. 2010 मध्ये ती नव्या नावाने बाजारात आली. टोयोटा, मायक्रोसॉफ्ट, डॉक्टर पेपर हे सुरुवातीचे जाहिरातदार. वाकड्या अक्षरांच्या जागी जाहिरातीची चौकट, तिच्यात ब्रँडचं छोटं वाक्य आणि खाली ते टाइप करायला जागा. मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरच्या जाहिरातीत ‘ब्राउझ सेफर’ हे दोन शब्द टाइप करायचे होते. उत्तर बरोबर आलं तरच जाहिरातदाराने पैसे मोजायचे आणि त्यातला वाटा साइटमालकाला. जाहिरात नुसती दिसण्याचे पैसे नाहीत, क्लिकचे नाहीत, टाइप केल्याचे.

वाचकाच्या बाजूने हा सौदा वाईट नव्हता. दोन स्वच्छ इंग्रजी शब्द टाइप करणं हे धुरकट अक्षरं ओळखण्यापेक्षा कितीतरी सोपं. अडचणही तिथेच होती. शब्द स्वच्छ छापायचे तर चित्रातली अक्षरं ओळखणारं साधं सॉफ्टवेअरही ते वाचतं. वाकडे छापायचे तर ब्रँडला ते नको असतं, कारण कोणताही जाहिरातदार स्वतःचं नाव विद्रूप करायला पैसे देत नाही. कुलूप मजबूत करावं तर जाहिरात खराब होते, जाहिरात चांगली करावी तर कुलूप सैल होतं. पुढच्या प्रत्येक सेवेत हा ताण दिसतो.

बसवण्याची पद्धत मात्र चोख होती. खातं उघडलं की तीन किल्ल्या मिळत: चॅलेंज की, व्हेरिफिकेशन की आणि ऑथेंटिकेशन हॅश की. पहिली पानाच्या कोडमध्ये उघडी असे. दुसरी फक्त सर्व्हरवर. फॉर्म आला की वाचकाचं उत्तर, कोड्याचा क्रमांक आणि वाचकाचा आयपी पत्ता तिच्यासह तपासणीला पाठवायचा. तिसरी किल्ली ऐच्छिक, पण सगळ्यात कामाची. तपासणीचा निकाल खरंच त्यांच्याच सर्व्हरवरून आलाय ना, हे एसएचए-1 पद्धतीने काढलेल्या हॅशवरून, म्हणजे मजकुरापासून गणिताने काढलेल्या ठशावरून, तिच्या मदतीने ताडता येई. ऐच्छिक असलेली पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, ती गाळू नये.

आयपीचा मुद्दा आजही तितकाच लागू आहे. साइटच्या पुढे क्लाउडफ्लेअरसारखं सीडीएन, म्हणजे साइट आणि वाचक यांच्या मधे बसून पानं पोहोचवणारी सेवा असेल, तर तुमच्या पीएचपीला ‘रिमोट अ‍ॅड्रेस’ म्हणून वाचकाचा नव्हे, सीडीएनचा पत्ता दिसतो. मग शेकडो वाचक मोजक्याच पत्त्यांवरून आल्यासारखे दिसतात आणि कॅप्चा पुरवणाऱ्याला तो बॉट वाटू शकतो. खरा पत्ता सीडीएन वेगळ्या हेडरमध्ये, म्हणजे विनंतीसोबतच्या माहितीच्या ओळीत पाठवतं, तो वाचायचा. पण विनंती सीडीएनकडूनच आली आहे याची खात्री करून. नाहीतर तो हेडर कुणीही खोटा लिहून पाठवू शकतो.

मराठी वाचकाला आणखी एक अडचण. फोनवर देवनागरी कीबोर्ड चालू असतो, नाव-पत्ता मराठीत भरून झालेला असतो आणि खाली एकदम इंग्रजी वाक्य टाइप करायचं येतं. कीबोर्ड बदला, पहिलं अक्षर आपोआप मोठं होतं ते बघा, आपोआप होणारी दुरुस्ती टाळा. चार ओळींच्या फॉर्मला एवढा खटाटोप भारी पडतो.

आज ही सेवा वापरात नाही. तिचा दोष तिच्या कोडमध्ये नव्हता, गणितात होता.

हजार उत्तरांची किंमत

माणसाने सोडवलेल्या कॅप्चाची किंमत बाजारात उघड आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी 2010 मध्ये या बाजाराचा अभ्यास केला, तेव्हा हजार कोडी सोडवून घेण्याचा घाऊक भाव अर्धा ते एक डॉलर होता. कोडी सोडवणारी माणसं भारत, चीन, बांगलादेश अशा देशांतली. साध्या चित्रांचा भाव आजही त्याच पट्ट्यात आहे.

आता समजा, जाहिरातीचा कॅप्चा साइटमालकाला एका बरोबर उत्तरामागे 10 सेंट देतो. हजार उत्तरांचे 100 डॉलर झाले. तीच हजार उत्तरं बाजारातून एका डॉलरला मिळतात. म्हणजे लबाड माणसाने रिकामी साइट उभी करायची, कॅप्चा लावायचा, उत्तरं विकत घ्यायची आणि 99 डॉलर खिशात घालायचे. उत्तर देणारा खराखुरा माणूसच असतो, त्यामुळे ‘हा माणूस आहे का’ ही तपासणी तो सहज पास होतो. फक्त त्याला टोयोटा घ्यायची नसते. हे रोखायचं तर सेवेला प्रत्येक साइटवर, प्रत्येक देशातल्या वाचकावर पहारा ठेवावा लागतो आणि संशयित ठिकाणी पैशाची जाहिरात न दाखवता साधं कोडं दाखवावं लागतं. अशी गाळणी लागली की पहिला फटका प्रामाणिक छोट्या साइटना बसतो. बिटकॉइनचे अंश वाटणाऱ्या ‘फॉसेट’ साइटवर सॉल्व्ह मीडिया भरपूर दिसायचा हा योगायोग नव्हे. तिथे वाचक केवळ कॅप्चा सोडवून बक्षीस घ्यायलाच यायचा, जाहिरातदाराला त्याचा काय उपयोग?

याच भावावरून आणखी एक हिशेब करून ठेवा, कारण त्याची झळ आपल्याकडे थेट बसते. ‘घरबसल्या कॅप्चा टायपिंग, महिना पंधरा हजार’ असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर फिरत असतात. एका कोड्याला 10 सेकंद धरले तर तासाला 360 कोडी. हजाराला पूर्ण एक डॉलर हातात आला असं मानलं, तरी तासाचे तीस रुपयांच्या आसपास होतात, आणि मधला दलाल पूर्ण डॉलर देत नाही. या दराने पंधरा हजार कमवायला महिन्याला पाचशे तास बसावं लागेल. ‘नोंदणी फी’ किंवा ‘सॉफ्टवेअर डिपॉझिट’ मागितलं तर ते काम नव्हेच, ती फसवणूक आहे. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर लगेच कळवा. रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सगळ्यात जास्त असते.

व्हिडिओ आणि सरकपट्टी

व्हँकूव्हरच्या न्यूकॅप्चाने अक्षरं व्हिडिओवर हलती ठेवली. पार्श्वभूमीला जाहिरात चालवता येई. दिसायला छान, पण हालचाल ही बॉटला अडचण नसून मदत ठरली. एकच अक्षर अनेक फ्रेममध्ये अनेक कोनांतून दिसतं, त्यामुळे ते ओळखणं सोपं होतं. स्टॅनफर्डच्या संशोधकाने 2012 मध्ये 90 टक्क्यांहून जास्त वेळा तो फोडून दाखवला.

इस्रायलच्या मिंटआयची कल्पना यापेक्षा देखणी होती. जाहिरातीचं चित्र भोवऱ्यासारखं पिळलेलं दिसायचं. सरकपट्टी ओढत ओढत ते सरळ करायचं. टाइप करायचं काहीच नाही, भाषेची अडचण नाही, फोनवर अंगठ्याने होणारं काम. वाचकाच्या सोयीपुरतं बोलायचं तर या सगळ्यांत हा कॅप्चा पहिला. पण पिळलेल्या चित्रात कडा लांबतात. प्रत्येक टप्प्यावरच्या चित्राच्या कडा सोबेल फिल्टर या कडा शोधणाऱ्या साध्या गणिताने काढायच्या, त्यांची बेरीज करायची आणि जिथे बेरीज सगळ्यात कमी तिथे पट्टी थांबवायची. हे काम पायथनच्या दोन डझनांहून कमी ओळींत होतं, असं 2013 मध्ये उघड झालं. ना प्रशिक्षित मॉडेल, ना महागडं यंत्र. जाहिरात म्हणून उत्तम, कुलूप म्हणून निरुपयोगी.

कॉइनहाइव्ह

2017 च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या या सेवेने वाचकाचं लक्ष न विकता त्याच्या प्रोसेसरचं काम विकलं. ‘मी माणूस आहे’ या चौकटीवर टिचकी मारली की ब्राउझर मोनेरो या चलनासाठी गणितं करू लागे. किती हॅश काढायचे हे साइटमालक 256 च्या पटीत ठरवायचा. मिळकतीतले 70 टक्के साइटमालकाला, 30 टक्के कॉइनहाइव्हला.

माणूस आणि बॉट यांत फरक करण्याचं काम हा कॅप्चा मुळात करतच नव्हता. बॉटला थोडा खर्च पाडत होता, इतकंच. नव्या लॅपटॉपवर पटकन भरणारी पट्टी स्वस्त अँड्रॉइड फोनवर रेंगाळायची आणि फोन तापायचा. त्यात ही स्क्रिप्ट कित्येक साइटवर वाचकाला न सांगता चालवली गेली, म्हणून अँटिव्हायरस आणि जाहिरात-अडवणारी एक्स्टेंशन्स सरसकट तिला रोखू लागली. 8 मार्च 2019 रोजी सेवा बंद झाली; मोनेरोचा भाव वर्षभरात 80 टक्क्यांहून जास्त पडला होता. आजही कुणी जुन्या थीममध्ये ती स्क्रिप्ट ठेवली असेल तर काढून टाका.

रोखण्याचा हा मुद्दा जाहिरातीच्या प्रत्येक कॅप्चाला लागू आहे आणि तो फार गंभीर आहे. बॅनर अडवला गेला तर जागा रिकामी दिसते, वाचक पुढे जातो. कॅप्चा अडवला गेला तर फॉर्मच बंद पडतो. ‘पाठवा’ दाबून काहीच होत नाही, चूक काय ते दिसत नाही आणि वाचक निघून जातो. तुम्हाला याची नोंदही मिळत नाही, कारण आलेलाच नसतो तो फॉर्म मोजणार कसा? फॉर्मचं कुलूप आणि जाहिरात एकाच स्क्रिप्टमध्ये बांधणं हा आराखड्यातलाच दोष आहे.

एचकॅप्चा

इंट्युशन मशीन्स या कंपनीची ही सेवा चालू आहे आणि चांगली आहे. उत्पन्नाची कल्पना रीकॅप्चाच्या मूळ कल्पनेच्या वळणाची. कार्नेगी मेलनमधल्या लुईस फॉन आन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये काढलेल्या रीकॅप्चात दोन शब्द असत: एकाचं उत्तर माहीत, दुसरा जुन्या छापील पानातला, यंत्राला न वाचता आलेला. त्यातून न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक डिजिटल झाले. 2009 मध्ये गूगलने ते विकत घेतलं. साइटमालकाला त्या कामाचे पैसे कधी मिळाले नाहीत. एचकॅप्चाने म्हटलं, आम्ही देऊ. चित्रांना लेबल लावून हवी असलेल्या कंपन्या पैसे देतील, वाचक कोडं म्हणून लेबल लावतील, वाटा साइटला मिळेल. सुरुवातीची रक्कम एचएमटी या डिजिटल चलनाच्या टोकनमध्ये होती आणि ती धर्मादाय कामाला देण्याचीही सोय होती.

पण हजार उत्तरांचा भाव इथेही पाठ सोडत नाही. माणसाने दिलेलं उत्तर बाहेर हजाराला एक डॉलरने मिळत असेल, तर लेबलसाठी कुणी त्याच्या कितीतरी पट देणार नाही. क्लाउडफ्लेअरने एप्रिल 2020 मध्ये रीकॅप्चा सोडून एचकॅप्चा घेतला तेव्हा जे जाहीर केलं ते प्रत्येक साइटमालकाने लक्षात ठेवावं: नेहमीच्या रीतीने एचकॅप्चाने क्लाउडफ्लेअरला पैसे द्यायचे होते, प्रत्यक्षात क्लाउडफ्लेअरनेच एचकॅप्चाला पैसे द्यायचं ठरलं. क्लाउडफ्लेअरच्या आकाराला कमाईचा तो मार्ग पुरणारा नव्हता.

छोट्या साइटचा हिशेब मांडू. दिवसाला 2,000 वाचक, त्यातले 40 जण फॉर्म भरतात. महिन्याला 1,200 उत्तरं. हजाराला एक डॉलर धरला तर महिन्याचे शंभर रुपयांच्या आसपास. आता समजा, चित्रांच्या कोड्याला कंटाळून शंभरातले पाच जण फॉर्म सोडून जातात. महिन्याला 60 चौकश्या गेल्या. क्लासची किंवा होमस्टेची साइट असेल आणि एका चौकशीची किंमत तुम्ही फक्त 50 रुपये धरलीत, तरी 3,000 रुपयांचं नुकसान झालं.

बसवताना नेमकं चुकतं कुठे, ते सांगतो. किल्ल्या दोन: साइट की पानात, सीक्रेट सर्व्हरवर. कोडं सुटलं की फॉर्ममध्ये एक लपलेलं टोकन, म्हणजे कोडं सुटल्याचा पुरावा म्हणून एक सांकेतिक मजकूर भरला जातो. ते सर्व्हरवरून पोस्ट करून तपासायचं. ही तपासणी न करता नुसतं चित्र लावून ठेवलेल्या साइट बऱ्याच दिसतात. तिथे वाचकाला त्रास होतो आणि बॉट थेट पोस्ट करून निघून जातो. टोकन 120 सेकंद टिकतं आणि एकदाच चालतं. लांबलचक फॉर्मच्या सुरुवातीला कॅप्चा ठेवला तर ‘पाठवा’ दाबेपर्यंत ते मरतं, म्हणून कॅप्चा नेहमी शेवटी. सर्व्हरने मोबाइल नंबरची चूक दाखवून फॉर्म परत दिला, की कॅप्चा रीसेट करणारी ओळ चालवली पाहिजे. नाहीतर वाचक तेच वापरलेलं टोकन पुन्हा पाठवतो आणि ‘आधीच पाहिलेलं उत्तर’ या चुकीवर अडकतो. चौकट साधारण 300 पिक्सेल रुंद आहे. लहान फोनवर, त्यात फॉर्मला दोन्ही बाजूंनी पॅडिंग असेल तर ती बाहेर सांडते. तिथे कॉम्पॅक्ट आकार निवडा. वर्डप्रेसवर कॅश आणि ‘जावास्क्रिप्ट पुढे ढकला’ अशी सोय देणारं प्लगइन असेल, तर कॅप्चाची स्क्रिप्ट त्यातून वगळा.

क्लाउडफ्लेअरने सप्टेंबर 2022 मध्ये काढलेला टर्नस्टाइल हा दुसरा पर्याय, आणि छोट्या मराठी साइटसाठी आमची पहिली पसंती. चित्रं निवडायला लावत नाही, फुकट आहे आणि त्यासाठी साइट क्लाउडफ्लेअरवर असण्याची गरज नाही. टोकन 5 मिनिटं टिकतं. कमाई शून्य. रीकॅप्चाचा मजकूर मराठीत दाखवता येतो ही जमेची बाजू, पण त्याची फुकट मर्यादा आता महिन्याला 10,000 तपासण्यांवर आली आहे.

जाहिरातीचा मुखवटा घातलेले खोटे कॅप्चा

‘कॅप्चा जाहिरात लावा, कमाई करा’ म्हणणारी अनोळखी स्क्रिप्ट आज कुणी दिली तर ती बहुतेक या जातीची निघेल. पहिला प्रकार: ‘रोबो नसाल तर अलाव दाबा’. अलाव दाबणं म्हणजे नोटिफिकेशनला परवानगी देणं. त्यानंतर फोनवर जुगाराच्या आणि ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस’ अशा सूचनांचा मारा सुरू होतो. वाचकाने क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून ती साइट ब्लॉक करायची.

दुसरा प्रकार 2024 पासून पसरला आणि फार घातक आहे. ‘पडताळणीसाठी’ विंडोज आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर दाबायला सांगतात. पानाने गुपचूप क्लिपबोर्डवर एक कमांड ठेवलेली असते. वाचक ती स्वतःच्या हाताने रन खिडकीत चिकटवतो, पॉवरशेल चालू होतं आणि लुमासारखं चोरटं सॉफ्टवेअर ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज उचलतं. कुकी गेली की ओटीपी असूनही चोर खात्यात शिरू शकतो. खरा कॅप्चा कधीही ब्राउझरच्या बाहेर काही करायला लावत नाही.

आपल्या साइटवर असं काही येतंय का ते तपासताना लॉगिन असलेल्या स्वतःच्या संगणकावरून पाहू नका. असल्या स्क्रिप्ट बरेचदा मालकाला ओळखून गप्प बसतात. दुसऱ्याचा फोन घ्या, वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू करा, इनकॉग्निटोमध्ये गूगलवर आपल्या साइटचं नाव शोधून तिथून आत या आणि चार-पाच पानांवर टिचक्या मारा.

फक्त संपर्काचा फॉर्म असेल तर आधी कॅप्चाशिवाय भागवून पाहा. फॉर्ममध्ये एक जादा रकाना ठेवा आणि तो सीएसएसने लपवा. त्यात काही भरून आलं तर फॉर्म टाकून द्या. या रकान्याला ‘ईमेल’ किंवा ‘फोन’ असं नाव देऊ नका, कारण ब्राउझर तो आपोआप भरतो आणि खरा वाचक बाद होतो. ऑटोकम्प्लीट बंद ठेवा, टॅबने तिथे जाता येणार नाही असं करा आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरपासूनही तो लपवा, म्हणजे अंध वाचक त्यात अडकणार नाहीत. जोडीला पान उघडल्यापासून तीन सेकंदांच्या आत आलेला फॉर्म नाकारा. ती वेळ मात्र सर्व्हरवर सही करून पाठवा, नुसत्या लपलेल्या आकड्यात नको. पंधरा दिवस स्पॅम मोजा. तरीही रोज दहा-वीस येत असतील तर टर्नस्टाइल लावा, आणि लावल्यावर स्वतः फॉर्म उघडून सहा मिनिटं थांबून मग ‘पाठवा’ दाबा. टोकन मेलेलं असताना वाचकाला मराठीत स्वच्छ सूचना दिसते का आणि त्याने लिहिलेला मजकूर रकान्यात तसाच राहतो का, हे तिथे कळतं.